ताटाचा फोटो

तुम्हाला हसू येईल, पण त्या दिवशी मला घामच फुटला होता. माझी आई उदगीरला एकटी राहती, मी नांदेडला. बाबा गेल्यापासून तिचं जेवणाकडं लक्ष न्हाई, म्हणून मी तिला बजावलं होतं, "रोज संध्याकाळी ताटाचा फोटो टाकायचा." ती टाकायची बी. वरण, भाकरी, मेथीची भाजी. मी निवांत.

एक दिवस फोटो आला, तर वाटीत अंड्याचा रस्सा! आम्ही लिंगायत. आईनं जन्मात अंड्याला हात लावलेला न्हाई. फोन केला, उचलंना. चार वेळा केला. डोक्यात नको नको ते यायला लागलं. शेवटी शेजारच्या सुमनमावशींना लावला.

"अगं, ते ताट माझं हाय," मावशी म्हणाल्या. "तुझी आई रोज माझ्या ताटाचा फोटो काढून न्हेती. आज चष्मा नव्हता, बटाटा समजली वाटतं."

"मग ती काय खाती?"

"चहा-बिस्किट खाऊन झोपती. एकटीसाठी कशाला तवा ठेवायचा, म्हणती. मी जेव म्हणलं तरी ऐकत न्हाई."

सकाळची पहिली बस धरून मी उदगीर गाठलं. आई दारातच उभी होती, चेहरा उतरलेला. मी पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "तुझी शपथ, मी अंडं न्हाई खाल्लं गं!"

मी म्हणलं, "खाल्लं असतंस, तर मी एवढी घाबरले नसते, माय."