मागच्या सीटवरचा निळा

धप्प. असा आवाज होता तो, साहेब. मोठा नव्हता — ओली गादी जमिनीवर टाकली की होतो ना, तेवढाच. बेचाळीस वर्षं झाली, अजून कानात आहे. सांगतो, सगळं सांगतो, मागच्या सीटवर हे काय बांधलंय म्हणून तुम्ही विचारलंत ना, त्याचंच उत्तर आहे हे. फॉर्म मांडीवर ठेवा हवं तर. लायसनची परीक्षा घेणाऱ्यानं घाई करू नये, आणि देणाऱ्यानं तर नाहीच नाही.

तर लग्नाला महिना झाला होता. शेजाऱ्याची मोटरसायकल मागून आणली, हिला मागं बसवलं आणि क्लच — तो हळूहळू सोडायचा असतो हे तेव्हा मला कोण सांगणार — सोडला एकदम. गाडी उसळली, मी गाडीबरोबर गेलो, आणि मागं धप्प. मला वाटलं कुणाचं तरी पोतं पडलं. मी आपला बोलत चाललोय — खोली कुठं बघू, खिडकीला पडदा कुठला लावू — आणि ही काहीच बोलत नाही, तर मी मनात म्हणतो, किती शांत बायको मिळाली. पाण्याच्या टाकीपर्यंत गेलो, साहेब. उतरून बघतो तर मागं कुणी नाही. परत आलो, तर ही रस्त्याच्या कडेला बसलेली, कोपर फुटलेलं. म्हणाली, "माझं पडणं ऐकू आलं नाही?" मी म्हणालो, आलं. तेच चुकलं बघा. नाही म्हणायला हवं होतं.

त्यानंतर गाडीला हात लावला नाही. म्हणजे लावला, रोज लावला, धंदाच तो — मी गाड्यांच्या सीट शिवतो. फोम कापायचा, रेक्झिन ताणायचं, कडेनं शिलाई. मागच्या टोकाला एक उंचवटा घालतोच, कुणी सांगो न सांगो, मागचं माणूस घसरू नये म्हणून. गिऱ्हाइकं हसतात. हसू देत.

यंदा हिची बहीण टेकडीवर राहायला गेली. तिथं बस जात नाही आणि हिचे गुडघे साथ देत नाहीत. एक दिवस भांडी पुसता पुसता म्हणाली, अहो, शिका की गाडी, मी बसेन मागं. बसेन म्हणाली, साहेब. बेचाळीस वर्षांनी. मग काय, घरातच सुरुवात. बाकाला जुनी सीट बांधली, झाडूचा दांडा हँडल, दोघांना हेल्मेट — पट्टा दोन बोटं जातील एवढाच सैल, ओळखीच्या गॅरेजवाल्यानं बजावलं होतं. त्यानं सगळं नीट शिकवलं. दोन्ही ब्रेक एकाच वेळी, पण पुढचा सावकाश दाबत न्यायचा. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. नजर जायचंय तिथं ठेवायची, खड्ड्याकडे बघितलं की गाडी खड्ड्यात. मी झुकलो की ही झुकायची. रोज संध्याकाळी कपाटाला वळसा घालून आम्ही टेकडीवर जाऊन यायचो, जागचे न हलता. वाटेत ही म्हणायची, हळू, कुत्रं आलं पुढं. मी दाबायचो ब्रेक. एकदा पोस्टमन दारात आला, तर तो पलीकडं जाईपर्यंत आम्ही थांबलो.

अडचण पुढं आली. लायसन मिळेपर्यंत खऱ्या गाडीवर मागं कुणाला बसवायचं नाही. नियम चांगलाच आहे, मी नावं ठेवत नाही. पण मागं रिकामं असलं की मला वाटतं, पडली. थांबतो, वळून बघतो. मैदानाच्या एका फेरीत चौदा वेळा — गॅरेजवाल्यानं मोजलं. तुम्हीच मला त्यापायी दोनदा नापास केलंत. म्हणून हे माणसाएवढं बाहुलं शिवलं. वजन काही नाही हो, फोम आणि निळं रेक्झिन. पाठीला काहीतरी टेकलं की माझी मान सरळ राहते. खांदे रुंद वाटतात? नाही, बरोबर आहेत, टेपनं माप घेतलंय.

हिचंच माप. हो. विचारलं — विचारलं असं नाही, जरा उभी राहा म्हणालो. तर ताठ उभी राहिली, श्वास आत घेऊन. माझ्या मशीनची सुई जाड, आजवर हिला कधी रुमालसुद्धा शिवला नाही — हिला वाटलं, कोट. रंग कुठला, म्हणालो, तर म्हणाली निळा, आणि खिसा आतून घाला. आतून घातलाय, बघा हवं तर. फसवलं नाही मी. कोट आहे असं म्हणालो नाही. नाही असंही म्हणालो नाही. आठ दिवस सगळ्या शेजारणींना सांगत होती, थंडीच्या आधी कोट येतोय. आणि रविवारी बघते तर हा निळा, तिचं हेल्मेट घालून तिच्या जागी बसलेला. ओरडली नाही. म्हणाली, "याला पडल्यावर लागणार नाही, बरं झालं." आणि त्याच गुडघ्यांनी टेकडी चढून बहिणीकडं गेली. आज अकरावा दिवस. निरोप धाडला, बुधवारी दहाला परीक्षा आहे, पास झालो की न्यायला येतो.

तेव्हा एवढी एक फेरी ह्याच्यासकट मारू द्या. मागं माणूस नको असं नियमात आहे, आणि हे काही माणूस — नाही चालणार? बरं. मग दोरी सैल करतो — थांबा. फाटकातून कोण येतंय? उजवा पाय आधी टाकते ती — हीच आहे. साहेब, तुम्ही काही बोलू नका. गाडीकडं चाललीय. दोरी सोडतेय. माझी गाठ आहे, सहजी सुटायची नाही — सुटली. हेल्मेट सीटवर ठेवलं, निळा काखेत मारला. अगं, दुसरा शिवतो, खराखुरा, अस्तर लावून — बारीक सुई आणतो, अगं — नाही, बघत नाही. चालली. फाटकाबाहेर डावीकडं टेकडी, साहेब, उजवीकडं आमचं घर. उभी राहिली. हात बाहेर काढलाय — सरळ, वळायच्या आधी गाडीवाल्यानं दाखवावा तसा. उजवा.