श्रावणातलं भरीत

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. सोपा आहे, पण उत्तर घाईने देऊ नका! जिला आपण कधी डोळ्यांनी पाहिलं नाही, जिच्या घरचं घोटभर पाणी प्यायलो नाही, तिच्या सुखदुःखाचं आपल्याला काही लागतं का? लागावं का?

पुढे बसलेले काका मान हलवतायत. नाही म्हणतायत! काका, मघाशी गाभाऱ्यात हात जोडून आलात ना? कुणाला? त्याला पाहिलंय कधी? मूर्ती पाहिलीय! म्हणजे फोटोच की हो, दगडात काढलेला! तरी घरात जरा खुट्ट झालं की पहिली हाक त्यालाच! मग न पाहिलेल्याशी नातं जडत नाही, असं निदान कीर्तनाला बसून तरी म्हणू नका.

आणि मला माहीत आहे, तुम्हाला वाटतंय, बुवा आता मोबाइलला शिव्या घालणार. त्या खांबाजवळच्या वहिनींनी तर फोन पदराखाली दडवलासुद्धा! राहू द्या वहिनी. आज तुमच्या फोनचंच आख्यान आहे. फक्त त्याचा आवाज बंद ठेवा. मागच्या गावी एकाचा फोन मध्येच गायला लागला, तर आमचे पेटीवाले दिगंबरपंत त्याच्याच सुरात पेटी वाजवायला लागले!

ऐका तर मग.

खानदेशात, केळीच्या मुलखात, सावदा नावाचं गाव आहे. तिथे राहायच्या द्वारकाबाई फिरके. साठी ओलांडलेली बाई. नवरा वामनराव. मूलबाळ नाही. दोघांचा संसार, दोन ताटं, दोन पाट. वामनराव स्वभावाने अबोल. दिवसभरात चार वाक्यं बोलले तर त्यातली तीन जेवणाबद्दल! 'मीठ बरोबर आहे', 'अजून वाढ', 'उद्या भरीत कर'. संपलं! पण द्वारकाबाई म्हणायच्या, "मला तेवढंच पुरतं. तोंडभर कौतुक करणारा माणूस वाढायला उठत नाही, हे तर उठून भांडी घासतात!"

बायकांनो, घरी जाऊन हे वाक्य ऐकवू नका. माझं मानधन कापतील!

तर द्वारकाबाईंच्या पुतणीने त्यांना एका ग्रुपात घातलं, आणि स्वतः चार दिवसांत बाहेर पडली. ग्रुपचं नाव होतं 'आज काय केलं?' गावोगावच्या बायका. कुणी नागपूरची, कुणी लातूरची, पुण्याच्या अलकनंदाताई, आणि कागलची राजाक्का चौगुले. एकीने दुसरीला पाहिलेलं नाही. नियम एकच, जेवायला बसण्याआधी ताटाचा फोटो टाकायचा. पूर्वी देवाला नैवेद्य दाखवून जेवायचे, आता ग्रुपला दाखवून जेवतात! वरणाचा गोळा थंड झाला तरी चालेल, फोटो आधी!

हसताय? हसा. पण त्या ताटामागून काय काय यायचं, तेही ऐका. आईने भाकरी थापायला शिकवली तेव्हा बोट कसं भाजलं, सासूने पहिल्यांदा कधी 'बरं झालंय' म्हटलं. द्वारकाबाई तर बोलूनच पाठवायच्या. मागे पिठाच्या गिरणीचा पट्टा धडधडत असायचा आणि त्या सांगत असायच्या, "आमच्या लग्नात आलेला पहिला कुकर होता ना, त्याचं झाकण बिघडलं. यांना काही तो टाकवेना. म्हणे, तुळस लाव! आता दारात कुकरात तुळस आहे बाई आमच्या!" आणि बायका तिकडे पोट धरून हसायच्या.

द्वारकाबाईंचा फोटो आला की त्यात नेहमी दोन ताटं. बायका विचारायच्या, "काकांना आवडलं का हो?" उत्तर यायचं, "दोनदा घेतलं त्यांनी." की सगळ्यांचा जेवणाचा आनंद दुप्पट! वामनरावांना बिचाऱ्यांना पत्ताच नाही, आपण सात जिल्ह्यांचे काका झालोय!

एक गोष्ट ध्यानात ठेवा. द्वारकाबाई चातुर्मास कडक पाळणाऱ्या. कांदेनवमीला कांद्याची भजी आणि वांग्याचं भरीत पोटभर खायचं, आणि मग कांदा, लसूण, वांगं, सगळं बंद. वांगं थेट चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत-भाकरी दाखवून! राजाक्का तिला चिडवायची, "मावशी, लसणाशिवाय चार म्हैने? आमच्यात लसूण न्हाई तर फोडणी पेटत न्हाई!"

असं सुखाने चाललेलं. आणि मंडळी, वैशाखात वामनराव गेले.

दुपारी जेवले, 'मीठ बरोबर आहे' म्हणाले, आडवे झाले, ते उठलेच नाहीत. भाऊबंद आले, दिवसपाणी झालं, पाहुणे पांगले. आणि घरात उरली एक बाई आणि दोन पाट.

शेजारी नव्हते का? होते की! भिंतीला भिंत! "झालं का जेवण, काकू?" रोज विचारायचे. आतून उत्तर यायचं, "झालं, झालं!" चालले पुढे. आता बंद दाराआडून 'झालं' म्हटल्यावर शेजारी काय दार तोडणार? पण मंडळी, झालेलं नसायचं. चहा आणि टोस्ट. कधी तोही नाही. एकटीसाठी भाकरी थापायला हातच उठेना.

ग्रुपवर सांगितलं का त्यांनी? नाही! एका शब्दाने नाही! उलट ताटांचे फोटो रोज जातच होते. कुठले? फोनात साठलेले जुने! ज्येष्ठ गेला, आषाढ गेला. बायका विचारतायत, "काकांना आवडलं का?" आणि ही बाई थंड चुलीपाशी बसून उत्तर देतेय, "दोनदा घेतलं त्यांनी."

खोटं बोलली ना? तुम्ही म्हणाल, पाप! थांबा, निवाडा इतक्यात करू नका.

श्रावण आला. वामनरावांच्या जन्मतिथीचा दिवस उजाडला. द्वारकाबाईंच्या मनात आलं, आज यांना आवडीचं वाढायचं. फोन उघडला, शोधलं आणि टाकला फोटो. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचं हिरवंगार भरीत, वर कांद्याची पात, शेजारी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, आणि ताटं दोन!

श्रावणात! वांगं! कांदा! द्वारकाबाईंच्या ताटात!

अहो, रडणाऱ्या माणसाला महिना आठवतो का?

पुण्याच्या अलकनंदाताईंनी पाहिलं आणि लिहिलं, "अय्या मावशी! चातुर्मास बुडाला वाटतं! खंडोबा रागावेल हं!" पाठोपाठ हसऱ्या चेहऱ्यांची रांग. बाईच्या मनात वाईट नव्हतं हो. चेष्टाच ती! पण सावद्यात द्वारकाबाईंना वाटलं, आपण उघडे पडलो! त्या ग्रुपातून बाहेर पडल्या आणि फोन बंद करून टाकला.

बाकीच्या म्हणाल्या, रागावली मावशी. येईल दोन दिवसांनी. पण कागलात राजाक्का हातातलं लाटणं खाली ठेवून बसली. ज्या बाईने गेल्या चातुर्मासात भजीत कांद्याचा वास आला म्हणून प्रसाद परत केला होता, ती श्रावणात भरीत करणार? शक्य नाही! म्हणजे फोटो जुना आहे. म्हणजे आज ताटच नाही. मग कालचं? परवाचं? राजाक्काने मागचे फोटो उघडले. आषाढात ओल्या हरभऱ्याची उसळ! ज्येष्ठात हुरडा! थंडीतली ताटं सगळी!

फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. दुसऱ्या दिवशीही बंद. मग तिने पिशवी काढली.

मुलगा म्हणाला, "आई, येड लागलं का? त्या बाईला कधी बघितलीस तू? मोबाइलमधली बाई ती!"

राजाक्का म्हणाली, "तुझ्या बायकोला बघाय गेल्तो तवा आधी फोटोच बघितल्ता न्हवं? मग? मी जातो!"

कागलकडच्या बायका 'मी जातो'च म्हणतात बरं! आणि म्हणतात तशा जातातही!

शेंगदाण्याच्या गोड पोळ्या केल्या, कारण त्यात कांदा नाही, लसूण नाही, मावशीला चालतील. एसटी, मग रेल्वे, मग पुन्हा एसटी. सावद्याला उतरली. पत्ता? नाही! फिरक्यांचं घर विचारावं, तर लोक विचारतात, "कोणते फिरके?" एक म्हणतो इकडे, दुसरा म्हणतो तिकडे! बाई चौकात उभी. काय माहीत होतं तिला? सांगा! तेच, जे तुम्ही-आम्ही 'रिकाम्या गप्पा' म्हणतो! तिने विचारलं, "भाऊ, पिठाची गिरणी कुठाय? जुन्या पट्ट्याची, लई आवाज करती ती?"

गिरणी सापडली. शेजारच्या गल्लीत दारं बघत निघाली. आणि एका बंद दारापाशी कुकर! कुकरात तुळस! तुळस ओली होती हो. सकाळीच कुणीतरी पाणी घातलेलं. स्वतः उपाशी, पण तुळशीला पाणी!

"द्वारकामावशी! दार उघड! राजाक्का हाय!"

पुन्हा हाक. कडी वाजली. दारात एक बाई. गालफडं बसलेली, बांगड्या कोपरापर्यंत सरकताहेत. राजाक्काने आत पाहिलं. भिंतीवर वामनरावांचा फोटो, फोटोला हार.

मग द्वारकाबाईंनी डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाल्या, "मी खोटं बोलून ऱ्हायले होते, ताई. तुमच्या सगळ्यांशी खोटं बोलले. पण काय करू? इथे सारं गाव म्हणे, 'वामनराव गेले.' तुमच्यात तरी ते जेवत होते ना! कोणी विचारायचं, 'काकांना आवडलं का?' तेवढ्यापुरते ते पाटावर बसायचे. मी सांगितलं असतं, तर तिथेही गेले असते. मग कुठे ठेवू मी त्यांना?"

मंडळी, आता करा निवाडा. कुणाची छाती आहे?

राजाक्काने केला नाही. गोड पोळ्यांची पिशवी तिने गुपचूप कोपऱ्यात सरकवली. दुःखाच्या घरात गोड कसं काढायचं? ती म्हणाली, "आमच्यात माणूस गेलं की सोयऱ्यानं कडू घास घालायचा असतो. सुतकाच्या घरच्यानं चूल पेटवायची न्हाई, सोयरी पेटवती. मला उशीर झाला मावशी. बस तू."

आणि शिरली स्वयंपाकघरात! बेसनाच्या डब्यात किडे झालेले, चाळून घेतलं. भाकरीचं पीठ गिरणीतून आणलं. पिठलं टाकलं, जिरं आणि मिरची घालून. हात सवयीने लसूण शोधत होता, तर स्वतःच्याच हातावर चापट मारली! "तुझ्या चातुर्मासापायी मावशी, हे असलं अळणी पिठलं करायची पाळी आली माझ्यावर!"

मंडळी, द्वारकाबाई हसल्या. हसता हसता हुंदका फुटला, आणि त्या उघड्या तोंडात राजाक्काने पहिला घास घातला. वैशाखात गेलेल्या माणसाचं रडू श्रावणात बाहेर आलं. बाई रडत होती, जेवत होती, रडत होती.

दुसऱ्या दिवशी राजाक्काने स्वतःचा फोन पुढे ठेवला, त्यावर ग्रुप उघडलेला. "सांगून टाक. म्हंजे तुला एकटीला धरून बसायला नगो." द्वारकाबाईंनी बोलून पाठवलं, "हे गेले. वैशाखात गेले. मला सांगवलं नाही."

मग लातूरची म्हणाली, काकांना पापुद्रा सुटलेली भाकरी आवडायची ना? नागपूरची म्हणाली, काका भांडी घासायचे हे मी आमच्या यांना किती वेळा सुनावलंय! आणि पुण्याच्या अलकनंदाताई! त्यांनी शब्दही लिहिला नाही. थेट फोन केला, आणि दोघी नुसत्या रडल्या. त्या दिवशी अलकनंदाताईंनी घरात कढई चढवली नाही. नुसता वरणभात. मुलांनी विचारलं, सणाच्या महिन्यात हे काय? तर म्हणाल्या, "आपले सावद्याचे काका गेले." आणि त्या दिवशी 'आज काय केलं?' या ग्रुपवर एकाही घरचं ताट आलं नाही.

कोण होता हो वामनराव? सात जिल्ह्यांत कुणी त्याला पाहिलं नव्हतं. आणि सात जिल्ह्यांत त्याचं सुतक पाळलं गेलं!

आता तुमच्याकडे वळतो. तोंडं फिरवू नका! राजाक्का आपली पिशवी भरून कागलातून आली. पण भिंतीपलीकडे कोण होतं? तुमच्या-माझ्यासारखेच होते, चांगली माणसं! "झालं का जेवण?" विचारणारी, आणि उत्तर पुरतं ऐकायच्या आत पुढे निघालेली. तुमच्याही ओळखीत असं एक दार आहे. आहे ना? मी बोलतोय आणि तुमच्या डोळ्यांपुढे ते आलंय, मला इथून दिसतंय. काल त्यावरून गेलात, आजही गेलात. 'झालं' ऐकलंत आणि बरं वाटलं.

चला, उठा. रांगेत या, ढकलाढकली करू नका. प्रसादाचा एक द्रोण घ्या, आणि एक जास्तीचा मागून घ्या. वाढणारा विचारेल, कुणासाठी? त्याला सांगू नका. जा, आणि ते दार वाजवा.