राहिलेली फेरी

मालनबाई : हे लोकरीचे हातमोजे तुझे नायत, यादव. धुवायला टाकू का?

यादव : राहू दे आई. पिशवीतून बाहेर कशाला काढलेस?

मालनबाई : पिशवी उन्हात टाकावी म्हणून उपसली. चार दिवस झाले तुला येऊन, तिचा बंद पण सोडला नायस तू. कुणाचे हे? टाके बघ कसे घट्ट हायेत. बाईमाणसाच्या हातचे दिसतात.

यादव : दोरजेचे आहेत. आमच्या फौजेच्या टीममधला, लडाखचा. त्याच्या आईनं विणलेत. मी निघताना त्यानं माझ्या पिशवीत कोंबले. म्हणाला, परदेशातल्या स्पर्धेला जातोयस, तिकडे आपल्यापेक्षा जास्त गारठा असतो.

मालनबाई : भलं होवो त्याचं. मग तो काय घालील?

यादव : तो जात नाहीये. तिघांचीच निवड झाली. तो चौथा आला.

शुभांगी : अहो, हातमोजे ठेवा बाजूला आणि हे ताट मांडीवर घ्या. तीळ निवडा. गुरुवारी संक्रांत आणि आत्याबाईंचं उद्यापन एकाच दिवशी आलंय. गुळपोळ्या लाटायच्या, दत्ताच्या नैवेद्याला घेवडा मोडायचा, वर एकवीस पानं वाढायची. आठवा महिना चालू आहे मला, कुणाच्या लक्षात आहे का?

मालनबाई : तू बसून सांग पोरी. शकुबाई येणार हाय लाटायला.

शुभांगी : शकुबाई लाटते कमी, बोलते जास्त. काल मला विचारत होती, यादवभाऊंच्या पायाला काही झालं का? म्हटलं का? तर म्हणे, दर सुट्टीला एकलहऱ्याच्या रस्त्यानं पायाला चाकांच्या पट्ट्या बांधून काठ्या मारत जातात, औंदा दिसले नाहीत. मी तरी काय सांगू? चाकं माळ्यावर आहेत. ती पाच लिंबंसुद्धा टांगली नाहीत तुम्ही.

यादव : जरा आराम म्हटलं.

शुभांगी : आराम! मागच्या रजेत बोळाच्या टोकापासून पळत यायचे, छाती भात्यासारखी वरखाली, आणि तसंच उभं राहून कुदळीचा दांडा खांद्याला लावायचे. लिंबांवर नेम. आत्याबाई घाबरून म्हणायच्या, दम तरी घे. तर म्हणे दम घेऊन कुणीही मारील, दम लागलेला असताना मारायचं, हाच आमचा खेळ. मग आता महिन्याभरात परदेशात पळायचं आहे आणि तुम्ही तीळ निवडताय?

यादव : तूच दिलेस ना ताट.

शुभांगी : मी दिलं तरी तुम्ही घेत नाही कधी. म्हणून विचारते.

यादव : आई, गुरुवारी पाटावर मी बसायलाच पाहिजे का?

मालनबाई : असं काय बोलतो? संकल्प तुझ्या नावानं सोडलाय. दत्तजयंतीपासून सव्वा महिना, रोज एकवीस प्रदक्षिणा दारातल्या त्या औदुंबराला. थंडीनं पाण्यावर साय धरली तरी चुकवल्या नाय. महाराजांना म्हटलं, पोरगं सहा वर्षं त्या बर्फात राबतंय, एकदा त्याचं नाव लागू द्या. लागलं. महाराज पावले. आता तूच पाटावर नाय तर कोण बसंल?

यादव : उद्यापन करू नकोस आई.

मालनबाई : काय?

यादव : नाव लागलं, पण ते खरं नाही.

शुभांगी : म्हणजे? यादी आली म्हणालात ना फोनवर? पेढे वाटले आपण. यादीत नाव नाही तुमचं?

यादव : यादीत आहे. असायला नको होतं. आई, आमच्या शर्यतीत एक नियम आहे. बर्फावर घसरत जायचं, मधेच थांबून पाच गोळ्या मारायच्या. पाच काळ्या टिकल्या असतात लांब. लागली की पांढरी होते. जेवढ्या काळ्या राहतील तेवढ्या फेऱ्या.

मालनबाई : कसल्या फेऱ्या?

यादव : शिक्षेच्या. बाजूलाच एक लहान गोल आखलेला असतो. एक चुकली तर एक फेरी, दोन चुकल्या तर दोन. त्या पुऱ्या केल्या की मग पुढं जायचं. त्या दिवशी बर्फ पडत होतं. झोपून मारल्या त्या पाचही लागल्या. उभ्यानं मारताना दोन चुकल्या. एक फेरी घातली. दुसरीला वळायच्या जागी दोरजे समोरून मोठ्या रस्त्याला लागला. त्याची पाठ दिसली आणि मी तिच्यामागं निघालो. दुसरी राहिली.

शुभांगी : मुद्दाम नाही ना केलंत?

यादव : नाही. पुढं चढ लागला तेव्हा आठवलं.

मालनबाई : मग?

यादव : मग काय! वाटलं, गोलापाशी मोजायला जवान उभा असतो, त्यानं वहीत लिहिलंच असेल. न घातलेल्या फेरीला दोन मिनिटं दंड असतो. लागेल तो लागेल. संध्याकाळी यादी लावली. तिसरा, यादव. चौथा, दोरजे. अकरा सेकंदांचा फरक. एक फेरी घालायला अर्धं मिनिट जातं आई.

मालनबाई : त्या मोजणाऱ्याला दिसलं नाय?

यादव : दहा पावलांवरचं दिसत नव्हतं. दोरजे आला, मला उचलून घेतलं. मी तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. तोंड उघडलं तर सगळे हातात हात द्यायला आले. मग दुसऱ्या दिवशी बोलू म्हटलं. मग रजेचा कागद मिळाला.

शुभांगी : कुणाला माहीत आहे हे?

यादव : तुम्हा दोघींना. आत्ता.

शुभांगी : मग इथंच राहू द्या.

मालनबाई : शुभांगी...

शुभांगी : थांबा आत्याबाई, मला बोलू द्या. सहा वर्षांत एक दिवाळी घरी केली यांनी, तीही अर्धी. का, तर बर्फाच्या आधीची तयारी. थंडी आली की शर्यती, उन्हाळा आला की सुट्टी. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला मी हलव्याचे दागिने घालून एकटीनं फोटो काढला. आता फेब्रुवारीत माझे दिवस भरतील आणि हे सातासमुद्रापार असतील. चांदवडला आई म्हणाली, बाळंतपणाला जावई नाहीत म्हणजे कसं? मी तिला सांगितलं, देशासाठी पळायला जातायत. मन दगड केलं मी. ते काय अर्ध्या मिनिटासाठी?

यादव : मला कळतंय.

शुभांगी : तुम्हाला नाही कळत. तुम्ही मुद्दाम केलं नाही, मोजणाऱ्यानं लिहिलं नाही. दोरजे काय, पुढच्या वर्षी जाईल.

यादव : तो बत्तीसचा आहे. पुढच्या वर्षी नाही जायचा.

मालनबाई : यादव, एक विचारू? खरं सांगशील?

यादव : विचार.

मालनबाई : नाव गेलं तर तुला घरी राहायला मिळंल, पोराचं तोंड बघायला मिळंल. म्हणून तर बोलत नाय ना तू?

यादव : पहिले दोन दिवस तेच आलं मनात. सांगितलं की घरी राहता येईल. म्हणूनच बोललो नाही. वाटलं, ह्यात माझाच फायदा दिसतोय, तर हे खरं बोलणं कसलं? मग हिशेब केला. आता इतक्या उशिरा सांगितलं तर घरी कोण ठेवतंय? उलट बोलावून घेतील. तिकडचंही जाईल आणि इकडचंही.

शुभांगी : बघा. मग कशासाठी?

यादव : सकाळी पळायला निघावं म्हणतो आणि पाय त्या वळणाच्या जागी जातात शुभांगी. लिंबं टांगायला घेतली तरी मोजता येईनात. एक, दोन... आणि पुढं ती फेरी.

मालनबाई : मी पंधरा घरी सांगून आले रे. महाराज पावले म्हणून. पुजाऱ्याला पंचवटीत जाऊन नारळ देऊन आले.

यादव : माहीत आहे.

मालनबाई : बसते जरा. पाणी दे पोरी.

शुभांगी : हे घ्या. चहासुद्धा घेतला नाही तुम्ही अजून. प्रदक्षिणा राहिल्यात ना आजच्या?

मालनबाई : राहिल्या. पिशवी उपसत बसले. ...महाराज असं दुसऱ्याच्या ताटातलं उचलून नाय देत कुणाला. मीच म्हटलं दिलं म्हणून. त्यांनी कुठं म्हटलं!

यादव : आई, तू रडू नकोस.

मालनबाई : रडत नाय. आठवलं एक. तुझा फोन आला त्या दिवशी मी झाडापाशीच होते. हिनं ओट्यावरून हाक मारली, आत्याबाई, नाव लागलं! मी दचकले आणि हातातले चिंचोके सांडले. एका फेरीला एक चिंचोका ह्या मुठीतून त्या मुठीत घेते ना मी. सगळे एक झाले. अठरा झाल्या होत्या का एकोणीस, कळंना.

शुभांगी : मी म्हटलं, एकोणीस धरा. मी मोजत होते ओट्यावरून.

मालनबाई : तू घेवडा मोडत होतीस.

शुभांगी : घेवडा मोडता मोडता मोजत होते! पण नाही ऐकलं. पहिल्यापासून एकवीस घातल्या. रात्री गुडघ्याला तेल मी चोळलं.

यादव : झाडापाशी कुणी वही घेऊन उभं नव्हतं, आई.

मालनबाई : नव्हतं तर. मग मोजायचं कुणी? मीच.

शुभांगी : म्हणजे तुम्हीही त्यांच्याच बाजूनं.

मालनबाई : मी कुणाच्या बाजूनं नाय. तुझं दुखणं मला दिसतंय पोरी. त्याचे वडील फुलांच्या गाड्या घेऊन मुंबईला जायचे, हा झाला तेव्हा ते कल्याणच्या बाजारात होते. मला ठाऊक हाय. यादव, मी सांग म्हणत नाय आणि नको सांगू म्हणत नाय. तू मोठा हायेस. पण गुरुवारी पाटावर बसणार असशील तर हलकं होऊन बस.

शुभांगी : नंबर कुठंय?

यादव : कशाचा?

शुभांगी : तुमच्या सुभेदार साहेबांचा. डायरीत आहे ना? बोलायचंच असेल तर आत्ता बोला. दुपारपर्यंत मी पुन्हा अडवीन तुम्हाला.

(यादव घरात जातो. फोन खिडकीत आहे. त्याचं बोलणं अंगणात ऐकू येतं.)

यादव : जय हिंद साब. यादव बोल रहा हूँ, नाशिक से... जी, घर पे सब ठीक. साब, एक बात बतानी है. उस रेस में मेरा एक लूप कम था.

मालनबाई : काय म्हणतोय?

शुभांगी : सांगितलं. एक फेरी कमी होती म्हणून.

यादव : नहीं साब, खड़े में दो मिस थे, लूप एक ही मारा... जी, पक्का. उसी दिन पता था... नहीं साब, गिननेवाले की गलती नहीं है. बर्फ़ थी.

मालनबाई : दुसऱ्यावर नाय ना ढकलत?

शुभांगी : नाही. उलट त्या मोजणाऱ्याला सोडवतायत.

यादव : जी... जी साब. लिख के दूँगा... परसों? ...जी. दोरजे को मत बताइए, मैं खुद बताऊँगा. जय हिंद साब.

मालनबाई : ये, बस. काय म्हणाले?

यादव : म्हणाले, गधे, आठ दिवस कुठं होतास? लेखी दे म्हणाले. दोन मिनिटं दंड बसेल, मी आठवा-नववा जाईन. दोरजे तिसरा.

शुभांगी : आणि परवा काय?

यादव : रजा रद्द. परवाच्या गाडीनं निघायचं.

शुभांगी : परवा भोगी. म्हणजे संक्रांतही गेली.

यादव : गेली.

शुभांगी : आणि फेब्रुवारी?

यादव : मागेन. देतील की नाही, आता तोंड नाही मला सांगायला.

शुभांगी : नाही मिळाली तर चांदवडला रोज फोन करायचा. रोज. एस्टीडीला रांग होती वगैरे ऐकणार नाही मी.

यादव : रोज.

शुभांगी : ते ताट द्या इकडे. कशाचे निवडले तीळ, निम्मे खडे तसेच आहेत. लाडू आजच वळून टाकते. आणि ते हातमोजे पिशवीत तळाला कोंबू नका, वर ठेवा. लागतील त्याला.

यादव : शुभांगी...

शुभांगी : काही बोलू नका. मला राग आलेला आहे. राहू द्या तो थोडा वेळ. त्याच्या आईला गोड चालतं का?

यादव : चालत असेल.

शुभांगी : मग दहा लाडू वेगळे बांधते. आत्याबाई, मग गुरुवारचं काय करायचं? शकुबाईला नको म्हणून सांगू?

मालनबाई : का? सव्वा महिना चालले ती काय खोटी होते? एकवीस पानं वाढायची. पाटावर मी बसंन. पंधरा घरी जे सांगितलं ते मात्र मलाच जाऊन उलटं सांगावं लागंल.

यादव : मी सांगतो आई. उद्याचा दिवस आहे ना हातात. शेजारच्या भिमाजीकाकांपासून सुरू करतो.

मालनबाई : दोघं जाऊ. चल, ऊन वर आलं. ह्या आजच्या घालते आता. मधे हाक मारू नका गं कुणी.

शुभांगी : छत पडलं तरी नाही मारत.

यादव : आई, तुझ्या मागून मी आलो तर चालेल?

मालनबाई : चालंल की. चपला काढ. पळायचं नाय, माझ्या चालीनं चालायचं. आणि तोंडातून शब्द नाय.

यादव : नाही बोलत.

मालनबाई : चिंचोके त्या डब्यात हायेत. एकवीस मोजून घे.

यादव : मला बावीस दे.