न विचारता बंद केलेली भिंत

मुलगी: छिन्नी द्या, बाबा.

बाबा: सिमेंट ओलं आहे अजून. टाइलला हात लावू नकोस.

मुलगी: ओलं आहे म्हणूनच आत्ता द्या, उद्या दगड होईल. कधी बसवलीत ही?

बाबा: काल संध्याकाळी. तू पाइप आणायला गेली होतीस तेव्हा.

मुलगी: इथे मी फूटभर चौकोन मोकळा ठेवला होता. चौकट ठोकली होती. खाली खडूने लिहिलं होतं, 'बंद करू नये'. एवढ्या मोठ्या अक्षरात!

बाबा: चौकट काढून नीट ठेवली आहे. दाराशेजारी. मोडलेली नाही.

मुलगी: केवढे उपकार!

बाई: काय चाललंय सकाळी सकाळी? जिन्यापर्यंत आवाज येतोय. मिस्त्री, काही राहिलंय का?

बाबा: नाही मॅडम. आमचं बापलेकीचं आपलं घरगुती.

मुलगी: घरगुती कसलं? यांच्या बाथरूमचं आहे. मॅडम, या शॉवरच्या भिंतीत गरम आणि गार पाण्याचे दोन कॉक आहेत. आत गळती झाली तर तेच बंद करायचे. तिथे हात जायला जागा ठेवली होती, ती यांनी बुजवली. पाइपात दाब भरून चोवीस तास ठेवायचे होते, सांधे गळतात का बघायला. तेही राहिलं.

बाई: अगं, बंद करा असं मीच म्हटलं मिस्त्रींना. एवढी सुंदर भिंत, आणि मधोमध झाकण? नव्या शालूला ठिगळ! रविवारी सासूबाई येतायत. त्यांची नजर पहिली तिथेच जाणार.

मुलगी: झाकण म्हणजे पत्र्याचं दार नव्हे. हीच टाइल, चुंबकावर बसणारी. सासूबाई भिंग घेऊन आल्या तरी सापडणार नाही. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं.

बाई: मिस्त्रींना विचारलं ना. तीस वर्षं काम करतायत ते. तू त्यांच्याच हाताखाली आहेस ना?

मुलगी: नाही. ते टाइल लावतात, मी प्लंबर आहे. तुमच्या कागदावर पाण्याच्या कामाखाली सही माझी आहे, त्यांची नाही.

बाबा: हळू बोल जरा. लोकांच्या घरात उभी आहेस.

मुलगी: हळूच बोलत होते इतके दिवस. काय झालं त्याचं? माझा खडू पुसून भिंत बंद केलीत. दुसरा कोणी प्लंबर असता तर केली असतीत?

बाबा: दुसऱ्यांचीही केली आहे. तीस वर्षं प्लंबर भोकं पाडून निघून जातात आणि मागे मी निस्तरतो. माझ्या एकाही भिंतीबद्दल कोणी तक्रार घेऊन आलं नाही.

मुलगी: तुमच्याकडे कशाला येतील? भिंत गळली की फोडायला मला बोलावतात.

बाबा: माझी भिंत नाही फुटलेली.

मुलगी: फुटली आहे.

बाबा: कशावरून?

मुलगी: शेवटच्या टाइलच्या पाठीवर तुम्ही पेन्सिलीने दोन तिरक्या रेघा मारता आणि तारीख घालता. लहानपणी मला पेन्सिल धरायला द्यायचात. मागच्या महिन्यात एका घरी मी भिंत फोडली. टाइल उलटी पडली आणि दोन तिरक्या रेघा दिसल्या.

बाबा: मला का नाही बोललीस?

मुलगी: काय बोलणार होते? आत कॉक होता, पण बाहेरून हात जायला जागा नाही. पाणी थांबवायचं कसं, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. तीन दिवस आत झिरपत राहिलं. खालच्यांच्या छताचं प्लास्टर धाडकन पलंगावर आलं. पलंगावर तेव्हा कोणी नव्हतं, एवढंच नशीब. त्यांनी विचारलं, हे काम कोणाचं? मी म्हटलं, माहीत नाही. खोटं बोलले तुमच्यासाठी, बाबा. आता पुन्हा बोलणार नाही.

बाई: बाई गं. आमच्या खाली तर बाळंतीण आहे.

मुलगी: म्हणून म्हणते, छिन्नी द्या. नाहीतर आत्ता लिहून देते, हे माझं काम नाही, आणि पिशवी उचलून जाते. पुढे गळलं तर मिस्त्रींना बोलवा. तीस वर्षांचा अनुभव आहे त्यांना.

बाई: मिस्त्री, तुम्ही बोला काहीतरी. हिचं ऐकून एवढी चांगली भिंत फोडायची?

बाबा: तशीही मूठ बसणार नाहीये, मॅडम.

बाई: कसली मूठ?

बाबा: शॉवरच्या नळाची. भिंत ओळंब्यात नव्हती, खाली पोट आलं होतं. सरळ करायला मी बोटभर सिमेंट जास्त भरलं. हिने नळ बरोबर बसवला होता, माझ्या सिमेंटमुळे तो आत गेला. रात्री अंथरुणावर लक्षात आलं.

मुलगी: आणि सकाळपासून गप्प?

बाबा: लाज वाटली. तुला पाना धरता येत नव्हता तेव्हापासून मी ओळंबा लावतोय. तुझ्यापुढे कसं म्हणू, चुकलं?

मुलगी: असंच म्हणायचं. म्हटलंत ना आत्ता. नळाला जोड लावून दांडा पुढे आणता येतो, माझ्या पिशवीत आहे. भिंत मात्र उघडायलाच हवी. सरका.

(मुलगी स्वतःच छिन्नी उचलून पहिला ठोका मारते.)

बाबा: थांब, थांब! अशी मधोमध मारतात का? शेजारच्या तीन फुटतील. आण इकडे. कडेने, सांध्यातून. मी लावली आहे, मीच काढतो.

बाई: अहो मिस्त्री! तुम्हीसुद्धा? मग रविवारचं काय? होणार का तोवर? झाकण नक्की दिसणार नाही ना?

बाबा: पाण्याचं तिला विचारा, मॅडम. मला नका विचारू.

बाई: बरं. तू सांग. होईल का?

मुलगी: होईल. ही टाइल निघाली की नळाचा दांडा पुढे घेते आणि पाइपात दाब भरते. उद्या याच वेळेपर्यंत दाब दाखवणारा काटा हलला नाही, तर चौकट बसवून हीच टाइल चुंबकावर. तोपर्यंत भिंतीला कोणी हात लावायचा नाही. बाबा, तुम्हीसुद्धा.

बाबा: नाही लावत.