आजोबांचा समसा

ओश शहरातल्या एका बसथांब्यावर सायकालबाई थंडीमुळे डोळ्यांपर्यंत शाल गुंडाळून उभ्या होत्या. त्यांच्या पुढेच, समसे म्हणजे भट्टीत भाजलेले समोसे विकणाऱ्याच्या गाडीपाशी, त्यांच्या तिसरीच्या वर्गातली बेर्मेत होती, आणि तिचे आजोबा. बेर्मेतनं काही बाईंना ओळखलं नाही.

"मी मटणाचा समसा खाल्ला, हे आजीला सांगायचं नाही हं. डॉक्टरनं चरबी बंद केलीय."

"तिनं विचारलं तर?"

"नाही म्हणायचं."

"का?"

"का म्हणजे? तिला उगाच घोर लागेल."

"मग हे खोटं आजीसाठी, की तुमच्यासाठी?"

"कोण शिकवतं गं तुला हे असलं?"

"सायकालबाई. रोज एक पेच घालतात, पण उत्तर सांगत नाहीत."

"मग पगार कशाचा घेतात?"

"‘का’ विचारायचा!"

आजोबा खो खो हसले.

"बरं, माझे आई, मी काय करू ते तूच सांग."

"तुम्हीच आजीला सांगून टाका. म्हणजे मला खोटं बोलायला नको, आणि चहाडी करायलाही नको."

"लाटणं घेऊन धावेल ती!"

"मी मध्ये उभी राहीन ना."

आजोबांनी मिशी पुसली.

"ए समसेवाल्या, अजून एक बांध. हिच्या आजीसाठी."

"ही लाच झाली का, आजोबा?"

"लाच कसली? असली बातमी रिकाम्या पोटी ऐकवू नये माणसाला."

"का?"

सायकालबाईंची बस आली, थांबली आणि निघूनही गेली. बाई कान देऊन तिथंच उभ्या राहिल्या.