गारगोटी घासायचं चाक

अख्ख्या शिरूर तालुक्यात घरी बसून गारगोटीला आरशासारखी चमक आणणारा पहिला माणूस मीच. म्हंजी तेवढा रिकामा दुसरा कोणी नव्हताच.

आमच्या मंडळींची, म्हंजी बायकोची, एकच अट होती. छिन्नीनं जात्यांना टाकी लावणाऱ्या गेनूआबांनी हो म्हटलं, तरच ते घासायचं चाक घरात राहील. दगडाची कपची उडून आबांचा एक डोळा गेलेला, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन.

मीही कसर ठेवली नाही. चाक गोठ्याच्या उघड्या बाजूला मांडलं. धूळ उडू नये म्हणून वर गळकं मडकं टांगलं. नाकाला ओला पंचा बांधला. मेव्हणा दौंडला इंजिनावर कोळसा मारायचा; त्याचा चष्मा गोड बोलून लांबवलेला, तो डोळ्यांवर चढवला. मंडळींनी दांडा फिरवला आन् मी घोड नदीतली तांबडी गारगोटी चाकाला लावली. काय लालभडक झळकली!

आबांनी वाकून मडकं पाहिलं, पंचा पाहिला, चष्मा पाहिला.

"बोला आबा, एका डोळ्यानं का व्हईना, दिसती का कुठं खोट?"

"माझा डोळा दुसऱ्याच्या टाकीनं गेला, गड्या," आबा म्हणाले. "चाक फिरवणारीच्या डोळ्यावर काय हाय?"