कागदातली गाडी अन् दादाची गाडी

माहं नाव शोभा. आमचं मूळ गाव भंडाऱ्याकडचं, पण मी जन्मली इथंच, जबलपूरले, रांझीत. बाबा फौजी गाड्यांच्या कारखान्यात वेल्डर होते. आमच्या वस्तीत कोणालेही विचारा, बाप कोणत्या ना कोणत्या कारखान्यात, भोंगा वाजला का सायकलीच सायकली. घरात मराठी अन् उंबरठ्याच्या बाहेर हिंदी, असंच चालत आलं, म्हणून माह्या बोलण्यात दोन्ही मिसळते, तुम्ही समजून घ्या.

मी आयटीआय केलं ते वेल्डिंगचं. शेजारच्या बाया आईले सांगत, पोरीले शिलाई शिकवा, कामाले येईन. बाबा म्हणे, शिलाईच शिकून राहिली, लोखंडाची. मंग मलेही कारखान्यातच नोकरी लागली अन् तिथूनच मी रिटायर झाली. लग्न नाही केलं. काहून नाही केलं ते मोठं लांबचं आहे, ते राहू द्या.

दादाचं सांगते. दिनकरदादा, माहा मोठा भाऊ. त्याचं रांझीतच गॅरेज. त्याचा जीवाचा दोस्त इरफानभाई. ह्या दोघांना रॅलीचं वेड. म्हणजे ती भाषणाची रॅली नाही बरं, गाड्यांची, डोंगरातल्या कच्च्या रस्त्यानं, वेळ लावून. दोन दरवाजाची छोटी गाडी होती इरफानभाईची, तो चालवे अन् दादा बाजूले बसून पुढचं वळण कागदावरून वाचून सांगे, डावं, कडक, मंग उतार. चालवणाऱ्याले वळणाच्या मागचं काही दिसत नाही, तो बाजूच्याच्या तोंडावर विश्वास ठेवून गाडी फेकते. काय सांगू तुम्हाले, सख्खे भाऊ इतका विश्वास ठेवत नाहीत.

इरफानभाई गेला, हार्टनं, बसल्या जागी. पोरं त्याची बाहेरगावी, त्यांनी घर आवरलं अन् अंगणातली गाडी भंगारवाल्याले देऊन टाकली. त्यांचा काही दोष नाही, त्यांच्यासाठी ते गंजलेलं लोखंड. दादाले कळलं तं स्कूटर घेऊन धावला, पोचला तवा टप कापून झाला होता. घरी आला, वहिनीनं चहा दिला, तो पिला, अन् म्हणे, शोभा, ती गाडी पुन्हा बनवायची. मी म्हटलं, चलो, बनवू. मलेही रिटायर होऊन घर खायला उठत होतं.

तशाच मॉडेलची एक बॉडी सिहोऱ्याकडे सापडली, एकाच्या गोठ्याजवळ, आत कडबा भरलेला. ती आणली अन् दादाच्या आठवणीनं गाडी बनवायले घेतली. दादा म्हणे आपली गाडी रुंद होती, चाकं बाहेर निघालेली, तं आम्ही चाकं बाहेर काढली, मडगार्ड फुगवले. आतला पिंजरा, म्हणजे गाडी पलटली तं माणूस चेंगरू नये म्हणून आतून पाईपाचा जो सांगाडा बसवतात तो, तोही दादा सांगे तसा मी वाकवला, जोडला. पांढरा रंग, दारावर नंबर. दादा गाडीभोवती फिरे अन् हात फिरवे जसा बैलावर फिरवतात.

मंग जुन्या गाड्यांची दौड होती, इथूनच निघणारी. त्यात ज्या गाड्या अशा नव्यानं बनवलेल्या असतात त्यांची आधी तपासणी होते. सिव्हिल लाइन्सच्या मैदानात सकाळी गाड्या उभ्या, पाहायले माणसं. तपासणारे एक साहेब आले, वयानं दादाएवढेच, शांत माणूस. त्यांनी चाकं मोजली, पिंजऱ्याच्या पाईपाले बारीक भोक पाडून जाडी पाहिली, खाली वाकून पाहिलं. मंग दादाले बाजूले घेऊन बोलले, पण मी ऐकत होती. म्हणे, भाईसाहब, गाड़ी सुंदर है, पर ये वो गाड़ी नहीं है. रुंदी जास्त, पाईप पातळ, पिंजऱ्याचे पाय जिथं टेकतात तिथं खाली जाड पत्राच नाही. मी हिला रस्त्यावर सोडू शकत नाही.

दादाचं तोंड असं झालं ना, मी पाहू नाही शकली. चार लोकांसमोर. तो म्हणे, मी बसलो आहे ह्या गाडीत, तुम्ही नाही. साहेबांनी फक्त कागदाचं सांगितलं. कंपनी जवा गाडी शर्यतीत उतरवते तवा मोटर-खेळाच्या मोठ्या संस्थेले तिचे सगळे कागद द्यावे लागतात, फोटो, मापं, इंजिन, गिअर, पिंजरा, सगळं. नंतर काही बदललं तं त्याचं जोडपत्र. ते मागवा अन् त्याच्यावरून बनवा, मंग या.

मी मागवले. ईमेल लिहिला, परदेशातून त्यांच्या दफ्तरातून ते आले, प्रिंट काढून टेबलावर पसरले. आता पहा, जिंदगीभर मी ड्रॉइंग पाहूनच वेल्डिंग केलं, तं मले त्याची भीती नव्हती. पण मापं आमच्या गाडीशी लावून पाहिली. आमची अर्धी गाडी चूक होती. इरफानभाईची गाडी ज्या सालची, त्या साली ते चाक तेवढं रुंद नव्हतंच. काही जोडपत्रं तं नंतरच्या वर्षांची, ती घेताच येत नव्हती. दादाच्या डोक्यात दोन-तीन गाड्या एकमेकीत मिसळल्या होत्या.

मी दादाले म्हटलं, सगळं कापावं लागन. पिंजराही. तो खुर्चीवर बसला होता, उठला नाही, म्हणे, तुहा कागदावर विश्वास आहे, माह्यावर नाही. मी म्हटलं, दादा, पाईप पातळ आहे, तू आत बसशीन अन् वेल्डिंग माही आहे. तो म्हणे, मंग नको बनवू. अन् गेला. गॅरेजमध्ये येणंच बंद. मी त्याच्या घरी गेली तं टीव्ही पाहत राहे. वहिनी म्हणे, जेवत नाही बाई नीट, तुम्ही कागद बाजूले ठेवा ना, त्याचं मन राखा. मी म्हटलं वहिनी, मन राखीन, पण पातळ पाईपात माणूस नाही बसवणार. वहिनी रागावली माह्यावर. बरोबरच आहे तिचं, नवरा तिचा.

मी कापायले घेतलं. आपण केलेलं आपणच कापायचं, पण ग्राइंडर धरला अन् कापलं. पावसाळा गेला, थंडी आली, मी रोज सकाळी शटर वर करून राहिली. पाईप कागदात लिहिल्या जाडीचा, तो इथं मिळेना तं नागपूरहून बोलावला. पायाखालचे पत्रे मोठे, जाड. मडगार्ड सरळ केले. गाडी बारकी झाली, अंग उतरल्यासारखी. खरं सांगू, मलेच वाटे, दादाची ती रुंद गाडीच सुंदर होती. पण मी मापावरून हलली नाही. कोणी हसलं तं हसू दिलं.

मंग अडलं कुठं, तं सीटवर. बाजूच्याची सीट किती मागं, त्याचे पाय कुठं टेकतील, हातातले वळणाचे कागद पाहायले बारका दिवा कुठं. सगळे कागद पालथे घातले, त्यात हे काहीच नव्हतं. असणार कसं? तो कागद कंपनीच्या गाडीचा. त्या गाडीत कोण बसलं हे त्याले काय माहीत.

मी तशीच काळ्या हातानं दादाच्या घरी गेली. म्हटलं, दादा, कागद संपला. इथून पुढचं तुलेच माहीत आहे, तू नाही आला तं गाडी अशीच उभी राहीन. त्यानं टीव्ही बंद केला. मंग वहिनीले म्हणे, माही चप्पल कुठं आहे.

गॅरेजमध्ये आला, पिंजऱ्याले हात लावला, दाबून पाहिला. गुडघे दुखतात त्याचे, मी धरून आत बसवलं. त्यानं डोळे मिटले, मांडीवर कागद धरल्यासारखे हात केले, अन् डावा पाय पुढं सरकवून टाच टेकवली. म्हणे, इथं. इथं हॉर्नचं बटण होतं, पायाचं. इरफानचे दोन्ही हात स्टेअरिंगवर गुंतलेले राहत, वळणावर हॉर्न मी देत होतो. मी खडूनं खूण केली. अन् मंग तो रडला, इरफानभाई गेला तवा नव्हता रडला, तवाचं राहिलेलं असन. मी खाली बसली होती खडू धरून, तशीच बसून राहिली.

पुढच्या दौडीच्या आधी तेच साहेब आले. सगळं मोजलं. पायाचं बटण पाहून विचारलं, हे तं कागदात नाही. दादा म्हणे, नाही आहे, पण ते होतं. साहेब हसले, म्हणे, उसे रहने दीजिए, अन् सही केली.

चालवणार कोण, तं मी. दादा बाजूले. बरगीच्या रस्त्यानं, अगदी हळू, आम्हाले काही जिंकायचं नव्हतं. पण एका वळणाआधी तो असा कडक आवाजात म्हणे, डावं, दाबून घे, शोभा, उतार आहे, अन् मले पुढचं काही दिसत नव्हतं, मी नुसती वळवली.

आता दादाचे डोळे कमजोर झाले, नेपियर टाउनच्या डॉक्टरकडे मीच नेते. गाडी आहे, रविवारी बाहेर काढते. मधात एकजण त्याच्या वडिलांची गाडी बनवून द्या म्हणून आला, तं मी म्हटलं, भैया, आधी तिचे कागद आणा, अन् वडील आहेत ना, तं वडिलांनाही आणा. घेतलं ते काम, चालू आहे. हात चालतात तोवर करीन. तुम्ही एवढ्या उन्हात आले, माहं ऐकलं, चांगलं होवो तुमचं. सावकाश जा, पुलाजवळ रस्ता खणलेला आहे.